राखणीचं साल

बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या खांबांना ताणलेल्या दोऱ्यांवर, टाकताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा असतो. जोडी झाली की दोरीवर लटकवायची. दात बारीक, पण सुईसारखे, आणि बोटं सदा ओली. चंद्रावतीच्या बोटांना आता ते लागत नव्हते, कातडीच तशी झाली होती. तिच्या सुनेची, हेमालीची बोटं मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही रोज फाटायची. शाळेत फळ्यावर लिहिताना खडूची पूड त्या चिरांत जाई आणि दिवसभर चुरचुरत राही.

दिवाळी होऊन गेली तरी आभाळ निवळायचं नाव घेत नव्हतं. ऊन नाही, वारा आहे तो ओला. टांगलेला बोंबील वाळायच्या ऐवजी पिवळा पडून गळत होता. खाली वाळूत पडलेल्याला कावळेसुद्धा विचार करून चोच लावत होते.

"वरची दोरी मोकळी ठेव," चंद्रावती म्हणाली. "वारा फिरला तर वरचं तरी वाचल."

"आई, मला शाळेला उशीर होतोय."

"व्हऊ दे. शाळा कुजत न्हाय."

तेवढ्यात गोवर्धन आला. चंद्रावतीच्या थोरल्या दिराचा हा मुलगा. स्वतःच्या बोटी, बर्फाचा टेम्पो, आणि आता काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनवाल्याशी भागीदारी. त्याची वलांडी शेजारीच होती. तो कधी चिडत नसे, चिडायची पाळी दुसऱ्यावर आणत असे.

"काकी, टेम्पो वळत नाय माझा," तो हसत म्हणाला. "ही तुझी एवढी पट्टी भेटली ना, तर शेड टाकतो. माल हितंच पॅक, डायरेक्ट काशीमीरा."

"तुजा टेम्पो वळावा म्हणून मी खांब उपटू?"

"फुकट थोडीच मागतोय?"

"इकायची असती तर सोरूप गेला तवाच इकली असती. तू त्या साली राखण केलीस, तुजे उपकार हायत. पन नारळ फोडून जागा परत घेतलीय मी. आता तिकडं बघू नको."

"बरं, बरं," गोवर्धन म्हणाला. गळलेला एक बोंबील चपलेनं बाजूला सारून तो निघून गेला.

चौक गावच्या किनाऱ्यावर ज्याचे खांब त्याची जागा. सातबारा नाही, मोजणी नाही. पावसाळ्याआधी खांब काढायचे आणि नारळी पुनवेनंतर पुन्हा त्याच भोकांत उभे करायचे. फक्त ज्या घरचा माणूस दर्यानं घेतला, त्या घरानं तो मोसम वलांडी बांधायची नाही. जागा ओसाडही ठेवायची नाही. शेजारच्यानं आपली मासळी तिथं वाळवायची, जागेची राखण करायची, आणि पुढच्या पुनवेला जमातीदेखत नारळ फोडून ती परत द्यायची. स्वरूप, चंद्रावतीचा एकुलता एक, हेमालीचा नवरा, बोटीवरून गेला तो आलाच नाही, नुसती बोट आली. त्या साली गोवर्धननं राखण केली आणि चोख केली. खोटं कशाला बोला.

या पट्टीवर दोन बायकांचं घर चाललं होतं. हेमालीचं मानधन होतं, पण ते यायचं तेव्हा यायचं.

शाळेत मुख्याध्यापिका शुभदाबाई दारातच उभ्या होत्या. त्या जेसल पार्कहून यायच्या आणि वेळेआधी यायच्या, याचा त्यांना फार अभिमान.

"हेमाली, हात नीट धूत जा गं," सातवीच्या पोरांसमोर त्या म्हणाल्या. "काल टॅब घरी नेला तर माझ्या मिस्टरांनी विचारलं, यात काय मेलंय म्हणून."

पोरं हसली. त्यातल्या अर्ध्यांच्या अंगाला तोच वास होता, तरी हसली. हेमालीनं हात पदराखाली घेतले.

"आणि ऐक. केंद्राची स्पर्धा लागलीय, तंत्रस्नेही शिक्षक. आपल्या शाळेतून तूच जा, मला त्यातलं काही कळत नाही. पटसंख्या बघतेयस ना? पुढच्या वर्षी मानधनाची पोस्ट राहील की नाही, सांगता येत नाही."

हेमालीला हे आवडायचं, हे आधी सांगायला हवं. कुणाच्या धाकानं ती करत नव्हती. संध्याकाळी बोंबील उतरवून झाले की ती वलांडीखाली उकिडवी बसून फोनवर काय काय उघडून बघायची. प्रश्नमंजुषेचं एक ॲप तिनं वर्गात चालवलं, पण त्याला प्रत्येक पोराच्या हातात फोन लागतो, आणि चौकच्या घरांतले फोन बापाबरोबर बोटीवर. एकात चित्रं बोलायची, पण दोन चित्रं बोलली की ते कार्डाचा नंबर मागायचं. एकात कोडी छान होती, सगळी इंग्रजीत. चंद्रावती टोपली विणता विणता म्हणायची, "फोनात काय मासली गावते का गं?" हेमाली हसून पुढचं उघडायची.

मग तिला नकाशा सापडला. वरून काढलेले फोटो, आणि खाली सालांची पट्टी. पट्टी मागे सरकवली की गाव मागे जातं. शिवाय त्यावर नावं लिहिता येतात, सगळ्यांना एकदम दिसतात.

तिनं प्रोजेक्टर लावला, खिडक्यांना चादरी बांधल्या, आणि भिंतीवर चौक उमटलं तेव्हा सातवीतलं एकही पोर बाकावर राहिलं नाही.

"बाई, आमचं कौल!"

"बाई, चर्च! चर्चच्या मागं आमचा माड!"

"बाई, हगायला जातात तो खडक दिसतोय!"

हेमाली इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पट्टी मागे सरकवली. घरं कमी झाली, माड वाढले, पोरं ओरडली. पण फोटो सगळे सारखे नव्हते. एखाद्या साली गावावर दूध सांडल्यासारखं धुरकट. काही पावसाळ्याच्या तोंडावरचे, वलांड्या उतरवलेल्या, नुसती वाळू. यंदाचाही तसाच. एकच फोटो असा लख्ख निघाला की दोरीदोरी मोजून घ्यावी. हेमालीनं तो ठेवला.

"चला, आता एकेकानं नावं टाकायची. आपलं गाव."

पोरं रांगेनं टॅबवर नावं टाकू लागली. विहीर, समाजमंदिर, फ्रेडीअंकलचं दुकान. वर्गात सगळ्यांत हुशार होती जोआन. ती भिंतीजवळ गेली आणि बोट लावून म्हणाली, "बाई, ही एवढी लांब वलांडी कोणाची? हिच्या टोकाला निळी ताडपत्री हाय."

हेमालीनं पाहिलं. लांब वलांडी त्यांच्या पट्टीवरून आरपार गेली होती. त्यांचे खांब नव्हतेच. मग तिनं खालचं साल वाचलं. इतका वेळ वाचलंच नव्हतं, फोटो चांगला आहे एवढंच बघितलं होतं. ते स्वरूपचं साल होतं.

"आमची!" गोवर्धनचा प्रणित मागून ओरडला. "निळी ताडपत्री आमची! बाई, आमचीच ना?"

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ही त्या साली राखण होती, पोरांनो. का होती, ते सांगावं लागलं असतं. पोरांनी विचारलं असतं, मग स्वरूपकाका सापडलेच नाहीत का बाई. चादरी बांधलेल्या त्या खोलीत पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती.

"हो, गोवर्धनकाकांची," ती म्हणाली. "लिही."

प्रणितनं लिहिलं. 'आमची वलांडी.' जोआननं ते खोडून नीट केलं, 'गोवर्धन काकांची वलांडी'. वर हेमालीचं नाव होतंच. घंटा झाली. पालकांच्या प्रतिक्रिया हव्यात, असं स्पर्धेच्या सूचनेत होतं म्हणून तिनं तो नकाशा पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि हात दोनदा साबणानं धुतले.

संध्याकाळी ग्रुपवर अंगठेच अंगठे. गोवर्धनचा अंगठा पहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या संध्याकाळी तिला तसं काही वाटलं नाही. ती खूश होती.

दुसऱ्या दिवशी गोवर्धन घरी आला. हातात भलीमोठी सुरमई.

"काकी, सून लय हुशार आणलीस. माझ्या पोराला कधी अभ्यासात एवढा इंट्रेस्ट नव्हता."

चंद्रावतीनं सुरमई घेतली. तिनं त्या दिवशी कालवण केलं, आणि ते चांगलं झालं होतं.

रविवारी दुपारी जमात बसली. समाजमंदिरात पंखे फिरत होते, पुरुष खुर्च्यांवर आणि बायका भिंतीकडेला. जमातीचे पाटील दाजी पुढे बसले होते. गोवर्धननं अर्ज ठेवला की शेडसाठी त्याला त्याच्या जुन्या जागेची हद्द ठरवून हवी. प्रोजेक्टर त्यानं शुभदाबाईंकडून मागून आणला होता आणि बाईंनी आनंदानं दिला होता. "गावाचा सहभाग! फोटो काढ हं हेमाली, अहवालात लावू," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. प्रोजेक्टर चालवता येणारं माणूस गावात एकच होतं.

"लाव पोरी," दाजी पाटील म्हणाले.

हेमालीनं वायर जोडली. काय चाललंय ते तिला दारातच कळलं होतं, पण अख्खी जमात बघत असताना उठून जायचं कसं, ते तिला कळलं नाही. भिंतीवर चौक उमटलं.

"ते नाव वाच," गोवर्धन म्हणाला.

तिनं वायरचं टोक पुन्हा चाचपलं.

"वाच ना. तूच लिहून घेतलंयस. माझा प्रणित खोटं बोलतो काय?"

"ती राखण होती," हेमाली म्हणाली. तिचा आवाज फाटला. "सगळ्यांना माहीत आहे. ते राखणीचं साल आहे."

"मंग शालेत राखण का नाय सांगितली? बत्तीस पोरांसमोर बोललीस, गोवर्धनकाकांची. का, पोरांसमोर खोटं बोललीस?"

कुणीतरी हसलं.

"मागचं साल लाव," चंद्रावती भिंतीकडून ओरडली. "तिच्या मागचं लाव! आमचे खांब दिसतील!"

हेमालीनं पट्टी सरकवली. धुरकट. आणखी मागे, नुसती वाळू. पुढे आणली. धुरकट, वाळू, वाळू. चंद्रावती उठून भिंतीजवळ गेली आणि त्या धुरकटात डोळे घालून खांब शोधू लागली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या लुगड्यावर पडला, तिच्या पाठीवर अर्धा समुद्र आला.

"मावशी, बाजूला हो, दिसत न्हाय," मागून एक जण म्हणाला.

ती वळली. "नाथा," ती म्हणाली, "नारळ तूच फोडलास ना रं? माज्या हातात तूच दिलास ना जागा? बोल की."

जमातीचा नारळ फोडायचा मान नाथाचा. त्याचा मुलगा शिवा गोवर्धनच्या बोटीवर तांडेल होता. नाथा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. नारळ त्यानंच फोडला होता, खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यानंच समुद्रात टाकला होता, आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकानं पाहिलं होतं.

"फोडला आसल, मावशी," तो म्हणाला. "नारळ काय, किती फोडतो आपण."

मग दाजी पाटलांनी इकडे तिकडे बघितलं. कुणाचा पोरगा गोवर्धनच्या बोटीवर, कुणाचा बर्फ त्याच्या टेम्पोतून, कुणाला शेडमध्ये बायकोला कामाला लावायची. ज्याच्या हाती ससा तो पारधी. दाजी म्हणाले, "फोटूत जे हाय ते हाय. आपल्या तोंडच्या शब्दाला आता कोण विचारतंय? शालेच्या बाईनं लिवलंय, ते पण घरच्याच बाईनं."

"कुराडीचा दांडा," एक बाई पुटपुटली. म्हण तिनं पुरी केली नाही, करायची गरजही नव्हती.

हेमालीनं प्रोजेक्टर बंद केला. तो थंड होईपर्यंत पिशवीत घालता येत नाही, म्हणून सगळे उठून जाईपर्यंत तिला तिथंच उभं राहावं लागलं.

घरी चंद्रावती चुलीपुढे बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"सोरूपला दर्यानं नेला," ती म्हणाली. "दर्याला काय बोलू? पन जागा तू नेलीस."

"आई, मला बोलताच आलं नाही. त्याचं नाव घ्यावं लागलं असतं."

"मग घ्यायचं. नाव घ्यायला काय जीभ झडत व्हती? मी रोज घेते."

यानंतर ती सुनेशी बोलेनाशी झाली. जेवण वाढायची, पण ताट जमिनीवर सरकवून.

सोमवारी हेमालीनं शाळेत जाऊन ते नाव पुसलं आणि तिथं 'राखण' असं लिहिलं. पण आधीच्या नावाचा फोटो गावातल्या प्रत्येक फोनमध्ये होता. शुभदाबाईही ओरडल्या, "अगं, अहवाल गेला माझा! आता काही हलवू नकोस." त्यांनी बसवून तिच्याकडून ते पुन्हा होतं तसं करून घेतलं. शेजारी बसून त्या बघत होत्या, तिच्या नखांकडेही.

त्याच आठवड्यात आभाळ निवळलं. खणखणीत ऊन पडलं, उत्तरेचा कोरडा वारा सुटला, आणि त्या उन्हात गोवर्धनच्या माणसांनी चंद्रावतीचे खांब उपटले. मोडतोड काही केली नाही. बांबू रचून, दोऱ्या गुंडाळून तिच्या दारात नीट आणून ठेवले. गोवर्धन स्वतः आला.

"काकी, मनात धरू नको. माझ्याकडं बोंबील टाकायला बाया लागतातच. घरच्या माणसाला पहिलं बोलावणार."

आठवडाभर चंद्रावती गेली नाही. बांबू दारात पडून राहिले, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येऊ लागले. मग एका सकाळी ती उठली, लुगडं खोचलं आणि गेली. शाळेत जाताना हेमालीला ती दिसली. शेड उभी राहीपर्यंत गोवर्धननं तिथं आपली वलांडी बांधली होती. आपल्याच पट्टीवर, आपल्याच भोकात उभ्या केलेल्या दुसऱ्याच्या खांबांमधल्या दोरीवर ती हात वर करून बोंबील टाकत होती. इतर बाया बोलत होत्या, ती बोलत नव्हती. गोवर्धनचा मुकादम लांबून म्हणाला, "ए मावशी, जरा दाटीनं टाक, जागा काय फुकटची हाय?" चंद्रावतीनं टाकलेली जोडी काढली आणि दाटीनं टाकली.

हेमाली चप्पल वाळूत रुतेपर्यंत उभी राहिली. मग शाळेत गेली. तिला घरी मरून पडावंसं वाटत होतं, पण दुसरा तास तिचाच होता.

स्पर्धेचा कार्यक्रम भाईंदरच्या एका हॉलमध्ये झाला. एसी होता, हार होते, स्टेजच्या मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर चौकचा तोच फोटो आणि पोरांनी लिहिलेली नावं. हेमालीला पहिलं बक्षीस मिळालं. शाल देताना पाहुण्यांनी माइकवर विचारलं, "या उपक्रमाचा गावाला प्रत्यक्ष काही फायदा झाला का?"

हेमालीनं तोंड उघडलं. शुभदाबाईंनी माइक घेतला.

"हो तर! गावातला एक जुना जागेचा वाद यामुळे सामोपचारानं मिटला."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमालीच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. फोटोसाठी तिला तो छातीशी धरायला सांगितला आणि तिनं धरला.

फ्लेक्स शाळेत आणला तर भिंत पुरेना. "घरी घेऊन जा तू," शुभदाबाई म्हणाल्या, "आठवण राहील." हेमालीनं तो गुंडाळी करून आणला आणि दारातल्या बांबूंच्या मागे लपवला.

तेव्हा जवळ्याचा मोसम होता. बंदरावर पडलेला जवळा बाया टोपलीभर उचलायच्या. वाळवायला चंद्रावतीकडे आता घरासमोरच्या गल्लीचा तुकडा तेवढा उरला होता, आणि तिथं डांबर फुटून खडी वर आलेली. एका सुट्टीच्या सकाळी हेमाली भांडी घासून बाहेर आली तर सासूनं फ्लेक्स गल्लीत अंथरला होता, फोटो वर करून, चारी कोपऱ्यांवर दगड. जवळ्याची ओली टोपली कमरेला लावून ती त्याच्याकडे बघत उभी होती.

"आपली जागा कुठं हाय यात?" चंद्रावतीनं विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलत होती.

हेमाली फ्लेक्सवर गुडघे टेकून बसली. चर्च, विहीर, समाजमंदिर. तिनं ताडपत्रीच्या निळ्या ठिपक्याशेजारी बोट ठेवलं.

"हितं?"

"हो."

चंद्रावती वाकली. तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला. "आन मी कुठं हाय?"

"म्हणजे?"

"त्या साली मी रोज हितंच बसायची. वलांडीखाली. सकाल ते सांज, दर्याकडं बघत. तू शालेत जायचीस, मी हितंच. एक दिस चुकला न्हाय. मग मी दिसाया पायजे ना यात? दाखवायचीस ना जमातीला, की बघा, म्हातारी बसलीय आपल्या जाग्यावर."

हेमालीनं फोटोत बघितलं, जणू आता दिसेल. मग म्हणाली, "माणसं दिसत नाहीत यात, आई. एवढ्या वरून माणूस दिसत नाही."

"आसं हाय व्हय," चंद्रावती म्हणाली.

हेमालीचं बोट अजून तिथंच होतं. चंद्रावतीनं टोपली उचलली आणि सगळा जवळा नेमका त्या बोटावर ओतला. थंड, ओला, खारट जवळा तिच्या मनगटापर्यंत चढला आणि बोटाच्या सगळ्या चिरा एकदम पेटल्या.

"ऊन वर आलं," चंद्रावती म्हणाली. "पसरव."

हेमाली दोन्ही हातांनी जवळा पसरू लागली.